अर्ज आपल्या हाताने भरा

(वाशिम जिल्ह्यातील पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



एमबीएच्या प्रवेश परीक्षेबद्दल बोला, असे मला सांगण्यात आले आहे. अभ्यास कसा करावा, गणिते झटपट कशी सोडवावीत, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्याच्या आधीच्या गोष्टीवर बोलणार आहे. अर्ज कसा भरायचा आणि फी कशी भरायची, एवढाच माझा विषय.

तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखे काय आहे? नेट कॅफेत जायचे, कागद द्यायचे, कॅफेवाल्याचे पैसे द्यायचे, अर्ज भरून मिळतो. माझे म्हणणे असे की आपल्या मुलांचे निम्मे नुकसान तिथेच होते. प्रश्नपत्रिका हातात येण्याच्या चार महिने आधी. नाव चुकते, प्रवर्ग चुकतो, मोबाइल नंबर दुसऱ्याचाच पडतो, पैसे कापले जातात आणि पावती येत नाही. मग जून-जुलैमध्ये मुलगा म्हणतो, "नशीब नव्हते." त्यात नशिबाचा संबंध नसतो. चूक जानेवारीत झालेली असते.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्राचे चार होते : नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आपला वाशिम. म्हणजे आपण मागे आहोत हे सरकारी कागदावरच आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला अर्ज भरताना क्लासवाला मदत करतो, मोठी बहीण मदत करते, वडिलांच्या ऑफिसातला कोणी तरी फोनवर सांगतो. मानोऱ्याच्या किंवा मालेगावच्या मुलीच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली बहुधा तीच पहिली असते. तिला विचारायला कोणी नाही. म्हणून आज सविस्तर बोलू.

आधी परीक्षा कोणत्या, ते पाहू. आपल्या कामाच्या मुख्यतः दोन. पहिली महाराष्ट्राची एमबीए/एमएमएस सीईटी. ती राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो, तो घेतो. २०० प्रश्न, १५० मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. या गुणांवर मुंबईच्या जमनालाल बजाजपासून आपल्या अमरावती विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागापर्यंत राज्यातले प्रवेश होतात. पदवीला ५० टक्के हवेत, महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवाराला ४५. शेवटच्या वर्षाला असलात तरी परीक्षेला बसता येते.

दुसरी कॅट. ती आयआयएम घेतात. दरवर्षी एका आयआयएमकडे जबाबदारी असते, २०२५ ची कोझिकोडकडे होती. तिच्यात बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले की गुण कापतात. नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे, तिथे जायचे तर रस्ता कॅटचा.

आता पैशाचे बोलू, कारण घरात पहिला प्रश्न तोच येतो. कॅट २०२५ ची फी २,६०० रुपये होती. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना १,३००. ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकाला, म्हणजे ईडब्ल्यूएसला, कॅटमध्ये फीची सवलत नाही. हे नीट लक्षात ठेवा. राखीव जागा आहेत, फीची सवलत नाही. सीईटीची फी हजाराच्या आसपास असते आणि तिथे राज्यातल्या मागास प्रवर्गांना थोडी कमी पडते. दरवर्षी आकडा बदलतो, म्हणून माहितीपुस्तिका उघडून पाहा.

२,६०० रुपये म्हणजे किती? २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे आठ दिवसांच्या वर मजुरी. ती परत मिळत नाही. परीक्षेला बसला नाहीत तरी गेली. कॅट २०२४ ला सुमारे ३ लाख २९ हजार उमेदवार होते, प्रत्यक्ष बसले सुमारे २ लाख ९३ हजार. पैसे भरून ३० हजारांवर मुले त्या दिवशी घरी राहिली. ज्यांना परवडते त्यांचे ठीक. आपल्याला परवडत नाही. म्हणून मित्र भरतो आहे म्हणून चार परीक्षांचे अर्ज भरू नका. अभ्यास सीईटीपुरता झाला असेल तर सीईटीच भरा. कॅटचा अभ्यास खरोखर केला असेल तरच कॅट भरा.

आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. कॅटचा अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरमध्ये बंद होतो. आपल्याकडे सोयाबीन निघते ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे फी भरायची त्या वेळी शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरात पैसा नसतो, उलट दुकानाची उधारी असते. म्हणून ही रक्कम उन्हाळ्यातच वेगळी काढून ठेवा, महिन्याला दोनशे-तीनशे करत. सीईटीचा अर्ज अलीकडे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होतो. तेव्हा थोडे सोपे जाते.

पैशानंतर नाव. आणि आपल्या समाजात नाव हा मोठा प्रश्न आहे.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आपल्या विदर्भात नावे कशी असतात? शेख अमुक शेख तमुक. अब्दुल अमुक अब्दुल तमुक. आता अर्जातल्या आडनावाच्या रकान्यात काय लिहायचे? शाळेतल्या गुरुजींनी एक लिहिले, आधारवाल्याने दुसरे, बँकेने तिसरे. 'शेख' या एका शब्दाची इंग्रजी स्पेलिंग चार. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे नुसते 'मो.', कुठे 'एमडी'. मुलींच्या नावापुढे एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'परवीन', तिसऱ्यावर काहीच नाही. निकाह झाला असेल तर आडनावही बदललेले.

घरात यातले काही अडत नाही. सगळ्यांना माहीत असते की ही एकच व्यक्ती आहे. संगणकाला ते माहीत नसते. परीक्षा केंद्राच्या दारात हातात हॉल तिकीट आणि ओळखपत्र घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही नसते.

उपाय सरळ आहे. दहावीची गुणपत्रिका हा पाया माना. त्यावर जे नाव आहे, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने अर्ज भरा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. पण घाई करू नका, कारण आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. एकदा बदलायला जाल तेव्हा गुणपत्रिका समोर ठेवून एकेक अक्षर वाचा. गुणपत्रिकेवरच चूक असेल तर शाळेतून बोर्डाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. ते काम पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच उरकून घ्या.

आता प्रवर्ग. इथे मी जरा स्पष्ट बोलतो.

अर्जात 'धर्म' आणि 'प्रवर्ग' हे दोन वेगळे रकाने असतात. पुष्कळांना वाटते, मुस्लिम लिहिले म्हणजे आरक्षण मिळाले. तसे नाही. २०१४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने मुस्लिमांतल्या मागास गटांसाठी ५ टक्क्यांचा अध्यादेश काढला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग स्थगित केला नाही. पण पुढे त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेशाची मुदत संपली. आज ते आरक्षण नाही. ते मागणे हा वेगळा लढा आहे, तो चालू राहील. पण अर्ज भरताना जे आज आहे त्याचा उपयोग करायचा असतो.

आज काय आहे? तीन गोष्टी आहेत.

पहिली, ओबीसी. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. काही विमुक्त-भटक्यांच्या यादीत आहेत. अनेक घरांना हे माहीतच नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्यातले काही म्हणतात, "इस्लाममध्ये जात नाही, मग जातीचा दाखला कशाला काढायचा?" मी त्यांना एवढेच सांगतो की हा दाखला तुमचा ईमान तपासत नाही. तुमचे आजोबा कोणता धंदा करत होते आणि त्या धंद्यातल्या लोकांना शाळा किती मिळाली, याची ती नोंद आहे. ज्या बिरादरीला शाळा उशिरा मिळाली, तिच्या मुलीने तो हक्क घेण्यात कमीपणा कसला?

अडचण पुराव्याची आहे. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आपल्या शाळेच्या दाखल्यांवर जातीच्या जागी नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला शोधा, चुलत आजोबांचा शोधा, तहसीलमध्ये कोतवाल बुकाची नक्कल मागा. वऱ्हाडातल्या जुन्या नोंदींमध्ये कधी कधी धंद्याचे नाव सापडते. दाखला मिळाला की जिल्हा जात पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र, आणि त्याबरोबर नॉन-क्रिमीलेअर. हे सगळे पंधरा दिवसांत होत नाही. सहा महिने धरून चाला. कॅटसाठी ओबीसीची केंद्राची यादी पाहावी लागते आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, हेही विसरू नका. कॅटमध्ये एकदा भरलेला प्रवर्ग नंतर बदलता येत नाही.

दुसरी, ईडब्ल्यूएस. ज्यांची बिरादरी कोणत्याही राखीव यादीत नाही आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी १० टक्के जागा आहेत. राज्यात हे २०१९ पासून लागू आहे. त्याला धर्माची अट नाही. शेख, सय्यद, पठाण म्हणून जे सरळ 'ओपन' लिहून मोकळे होतात, त्यांच्यातली बरीच घरे यात बसतात. शेतजमिनीच्या आणि घराच्या अटीही आहेत, त्या वाचा. दाखला तहसील कार्यालयातून मिळतो आणि तो त्याच वर्षाचा लागतो.

तिसरी, अल्पसंख्याक संस्था. पुण्याच्या आझम कॅम्पसमधली अलाना इन्स्टिट्यूट, मुंबईची अंजुमन-ए-इस्लामची अलाना इन्स्टिट्यूट, अशा मुस्लिम अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांमध्ये समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या जागा असतात. त्यासाठी अर्जात अल्पसंख्याक असल्याचे नोंदवावे लागते आणि धर्माची नोंद असलेला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. त्या रकान्यात कॅफेवाल्याने घाईत 'नाही' टिचकले, तर तुमच्यासाठीच्या जागा तुमच्यासाठी उरत नाहीत.

कॅफेवाल्याबद्दल मला राग नाही. तो बिचारा दिवसाला पन्नास अर्ज भरतो, पीक विम्याचे, रेशनचे, लाडक्या बहिणीचे. त्याला तुमच्या आयुष्याचा विचार करायला वेळ कुठे? तो आपला मोबाइल नंबर टाकतो, आपला ई-मेल टाकतो, कारण ओटीपी पटकन आला पाहिजे. पासवर्डही तोच ठरवतो आणि विसरतो. पुढे हॉल तिकीट, गुण, प्रवेशफेरीच्या सूचना, सगळे त्या नंबरावर आणि त्या ई-मेलवर. तुम्ही त्याच्या दुकानाला चकरा मारता आणि दुकान बंद.

म्हणून नियम करा. ई-मेल स्वतःचा, आजच उघडा. मोबाइल नंबर स्वतःचा, किंवा आई-वडिलांचा, पण पुढचे वर्षभर बंद न होणारा. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. संगणक नसेल तर कॅफेचा वापरा, पण खुर्चीवर तुम्ही बसा. मुलींना मी खास सांगतो. भाऊ भरून आणतो म्हणाला तर त्याला सोबत न्या, पण की-बोर्ड आपल्या हातात ठेवा. फोटोत चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत स्पष्ट दिसला पाहिजे. ओढणी किंवा हिजाब असेल तर चेहऱ्यावर सावली पडू देऊ नका.

आता फी भरण्याचा क्षण. फी ऑनलाइनच भरावी लागते : कार्डाने, नेट बँकिंगने किंवा यूपीआयने. आधी पत्ता तपासा. सीईटी सेलचा पत्ता महासीईटी डॉट ओआरजीने संपतो, कॅटचा आहे आयआयएमकॅट डॉट एसी डॉट इन. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून फी भरू नका. "सीट पक्की करून देतो, फी माझ्या नंबरावर टाक" म्हणणारा कोणीही असो, ओळखीचा असो, एक पैसा देऊ नका. फसलात तर लाजू नका. त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

समजा खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही. आपल्याकडे नेटवर्क असे आहे की हे घडतेच. घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून घ्या, थोड्या वेळाने लॉगिन करून फी जमा दिसते का पाहा. रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आहे. यूपीआयने पैसे कापले गेले आणि समोरच्याला मिळाल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप खात्यात परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा तुमचा हक्क आहे, बँकेत जाऊन मागा.

पण त्यातला दुसरा अर्थ बघा. पैसे परत यायला पाच दिवस लागू शकतात, आणि तुम्ही शेवटच्या दिवशी संध्याकाळी अर्ज भरत असाल तर तुमच्याकडे पाच दिवस नाहीत. ज्याच्या खात्यात जास्तीचे पैसे आहेत तो दुसऱ्यांदा भरतो आणि पहिले परत येण्याची वाट पाहतो. ज्याच्याकडे मोजून तेवढेच होते, त्याचे वर्ष जाते. म्हणून गरिबाच्या मुलाने शेवटच्या तारखेच्या किमान आठ दिवस आधी अर्ज भरलाच पाहिजे. भरल्यावर पावती आणि पूर्ण अर्जाची प्रत छापून घ्या.

परीक्षेच्या तारखेचेही आधी पाहून ठेवा. २०२५ मध्ये ईद ३१ मार्चला होती आणि एमबीए सीईटी १ एप्रिलपासून. ज्यांचे केंद्र बाहेरगावी होते आणि पेपर पहिल्या दिवशी, त्यांना ईदच्या दिवशीच निघावे लागले असणार. केंद्राचे शहर निवडताना यादीत जवळचे जे असेल ते पहिले टाका, अकोला किंवा अमरावतीसारखे, जिथे नातेवाइकाकडे एक रात्र राहता येईल. पुण्यात मामा आहे म्हणून पुणे टाकू नका. भाडे फीपेक्षा जास्त होते.

यानंतरची एक गोष्ट सांगितली नाही तर वरचे सगळे वाया जाईल. सीईटी दिली, गुण आले, म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असे नाही. प्रवेशफेरीसाठी, ज्याला कॅप म्हणतात, पुन्हा वेगळी नोंदणी आणि वेगळी फी असते. कागद तपासून घ्यावे लागतात, कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. चांगले गुण मिळवून "कॉलेजमधून फोन येईल" म्हणून घरी बसलेली मुले दरवर्षी असतात. फोन येतो, पण तो व्यवस्थापन कोट्यात जागा विकणाऱ्या दलालाचा.

आणि कॅपमधूनच जायचे, याला पैशाचे कारण आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना निम्मे शिक्षण शुल्क देते. पण अट ही की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. म्हणजे पाहा, जानेवारीत तुम्ही प्रवर्गाचा रकाना बरोबर भरला, जुलैत कॅपची नोंदणी केली, तर एका मुलीच्या दोन वर्षांच्या शिक्षण शुल्काचा प्रश्न सुटतो. "पोरीच्या शिक्षणावर एवढा खर्च कुठून करू" म्हणणाऱ्या अब्बांना देण्यासारखे याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

धंदा, व्यापार आपल्याला परका नाही. अत्तार, बागवान, तांबोळी, मन्यार ही नावेच धंद्यांची आहेत. विप्रो ही आज जगभर पसरलेली कंपनी १९४५ मध्ये खानदेशातल्या अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, एम. एच. प्रेमजींनी सुरू केली. अमळनेर काही कारंजा-मंगरूळपीरपेक्षा फार वेगळे गाव नव्हते. हातगाडीवर रोज हिशेब करणाऱ्या माणसाच्या मुलाने व्यवस्थापन शिकावे यात नवल काही नाही. अडते ते कागदावर.

म्हणून शेवटी एक विनंती मोठ्यांना आणि एक तुम्हाला. मोठ्यांनो, आपल्या मोहल्ल्यात दरवर्षी मदत गोळा होते. त्यातून पाच-दहा मुलामुलींची परीक्षेची फी भरता आली तर भरा. पण पैसे हातात देऊ नका, अर्ज समोर बसून भरून घ्या आणि पावती फाइलला लावा. आणि तुम्ही, जे यंदा परीक्षा देणार आहात, तुमचा अर्ज झाला की पुढच्या वर्षीच्या दोघांना शेजारी बसवून त्यांचा अर्ज त्यांच्याच हाताने भरून घ्या. एका रविवारी शाळेच्या खोलीत चार मोबाइल आणि एक प्रिंटर ठेवला तरी हे काम होते.

आज घरी गेल्यावर दहावीची गुणपत्रिका, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला एकाशेजारी एक ठेवा. तिन्हीवरचे नाव अक्षर अक्षर वाचा. फरक दिसला तर उद्यापासून कामाला लागा. काही अडले तर इथेच थांबा, मी कागद पाहून जाईन.